चाळीस वेळा चूक

...आणि वर जावई मलाच विचारतो, "बाबा, पासवर्ड नक्की आठवतोय ना?" अहो, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं लेथवर काढली मी, केसाएवढा फरक बोटाने ओळखायचो, आणि मला आठ अक्षरं आठवणार नाहीत?

झालं काय, बायकोचं खुब्याचं ऑपरेशन. दीड महिना पलंग. मी बाहेर गेलो आणि बेल वाजली की ही निघाली उठायला! एकदा पडता पडता वाचली. म्हटलं, दारावर कॅमेरा लावू, कोण आलंय ते हिला पडल्या पडल्या टीव्हीवर दिसेल. जावई म्हणतो, "तयार मिळतो की! तुम्हाला नाही जमायचं ते." नाही जमायचं? मला? म्हटलं, बघतोच!

दुकानदाराने हातात काय ठेवलं? पत्त्यांच्या कॅटएवढं सर्किट! "काका, हा अख्खा कॉम्प्युटर आहे. घरच्या कॉम्प्युटरवरून मेमरी कार्डात लिनक्स, म्हणजे याला चालवणारी सिस्टीम, भरा, पासवर्ड ठरवा, कार्ड यात खुपसा. पाच मिनिटं!" पाच मिनिटं म्हणे! पहिला दिवस गेला नुसता लाल दिवा बघण्यात... कार्ड नीट बसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, पासवर्ड दे म्हणतो. मी टाइप करतोय, तर अक्षर सोडा, साधं टिंब उमटेना! आणि शेवटी काय? चूक! चाळीस वेळा चूक! बायको पलंगावरून म्हणते, "अहो, जेवा तरी!" जेवतोय कसला, बघतोच याला!

तिसऱ्या दिवशी सुचलं. पासवर्ड दिसत नाही ना? मग नावाच्या जागी टाइप करून बघू, तिथे तर दिसतं! आणि बघतो तर काय... पासवर्डातलं ॲटचं चिन्ह दाबलं की उमटतंय अवतरण चिन्ह! याने माझा की-बोर्ड परदेशी धरला होता! मी अवतरण चिन्ह दाबलं, ॲट पडलं, आणि गडी सरळ आत! मग की-बोर्ड सुधारला, कॅमेरा जोडला, टीव्ही लावला. बेल वाजली. बायको पलंगावरून ओरडली, "अहो, दिसला! पोस्टमन दिसला!" ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली हो ती...

दुसऱ्या दिवशी पायरीवर निवांत उभा होतो, तर आतून आवाज, "ती सिगारेट फेका आधी!" पंधरा वर्षं लपवली होती हो मी! आता बंद. काय करणार? तयार कॅमेरा घेतला असता, तर निदान जावयावर खापर तरी फोडता आलं असतं!