दिवा तर हिरवाच!

त्या दिवशी सकाळपासून आभाळ असं खाली लोंबून राहिलं होतं की काय सांगू, वारा नाही, ऊन नाही, धानाच्या चुरण्याची, मळणीची धूळ वर जाईच ना, सरळ घरात, अन् घरातून रुक्माच्या छातीत! रुक्मा म्हणजे आमची घरवाली, तिले दमा. तिची वाफेची मशीन लाईटीवर चालते, अन् लाईट रोज जाते दुपारी बाराले, येते सहाले. म्हणून पोरानं, हेमेंद्रानं, नागपूरवरून इन्व्हर्टर आणून देला, खाली ही मोठी बॅटरी. "बाबूजी, आता फिकर नाही," म्हणे. फिकर नाही! आदल्या रोजी लाईट गेली, मशीन दोन मिनिटं चालली, अन् इन्व्हर्टर टीं... टीं... टीं... करून गप. सहा वाजेपर्यंत मी तिची पाठ चोळली. अन् लाईट आल्यावर पाहतो तर, तुमाले सांगतो, दिवा हिरवाच!

हिरवा म्हणजे सर्व बरं, असं पोरानं शिकवलं होतं. मी अनपढ माणूस, मले दिव्याचा रंग तेवढा वाचता येते. मग बॅटरीचं पोट काऊन रिकामं? फोन लावला. "बाबूजी, हिरवा आहे ना? मग चार्जिंग होऊन राहिलं." होऊन राहिलं म्हणे! तिकडून बोलाले काय जाते?

सकाळीच बिरसीवरून मुन्नालाल मिस्त्री आला. वर बिरसीच्या विमानतळावर शिकणाऱ्या पोरांचं इवलंसं विमान घिरट्या घालून राहिलं, गिधाडासारखं. मिस्त्री उंबऱ्यातच थबकला. बॅटरीपुढं रुक्माची पणती अन् दोन उदबत्त्या जळत होत्या. "अरे बुझाओ बाबाजी, बुझाओ! इससे ग्यास निकलता, पूरा घर उड जायेंगा!" मी पणती बी विझवली, उदबत्त्या बी. दसऱ्याले विळ्याची, नांगराची पूजा करते तशी तिनं बॅटरीची केली, अन् मग सोडलीच नाही! दोन महिने आम्ही बाँबपुढं हात जोडून राहिलो, अन् दिवा हिरवाच!

मिस्त्री काही आत आला नाही. उंबऱ्यातूनच बोलला, "बैटरी खतम, नई लगेंगी, परसों तक मंगाता." अन् गाडीले किक मारली. परसों! घड्याळात नऊ, अन् रुक्माच्या छातीत शिट्टी सुरू...

मी काय करू? बैल बसला तर आपण त्याच्याजवळ बसतो, पाय चाचपतो. तसाच बसलो. बटण बंद केलं, अन् पाहतो तर बॅटरीच्या वायर जोडायच्या त्या दोन खुंट्या दिसूनच नाही राहिल्या! हळद, कुंकू, अक्षता, रोजचं शिंपडलेलं पाणी, त्यावर चुन्यासारखी पपडी. शेंदूर चढलेल्या दोन देवांसारख्या! वायर त्या थरावर नुसती टेकलेली. करंट दारापर्यंत येऊन माघारी जात होता! हिरवा दिवा घरात लाईट असल्याचा होता हो, बॅटरी भरल्याचा नाही!

"रुक्मा, हे काय?"

दोन शब्दांमागं एक श्वास घेत बोलली, "ती माझा... श्वास भरते... हेमेंद्राचे बाबूजी... तिले हळद-कुंकू... नोको लावू?"

आता यावर कोण रागवंल? तुम्ही रागावले असते?

गरम पाण्याच्या फडक्यानं पुसलं, जुन्या ब्रशानं घासलं, कोरडं केलं, नट कसला. घाई नाही केली, घाई केली की चूक होते. साडेदहा वाजले. बटण दाबलं... अन् इन्व्हर्टर भुंग्यासारखा गुणगुणला! किती रोजांनी! दीड तास आहे आपल्याजवळ, म्हणलो, रुक्मा, दीड तासात भरते तेवढी भरते, तुझी दुपार निघते. ती हसली बी थोडीशी.

पाच मिनिटं झाली असतील. गावाबाहेर, लाईटीच्या डीपीकडून, धाडकन आवाज झाला, अन् गुणगुण बंद. हिरवा दिवाही गेला. बारा तर वाजले नव्हते! टीं... टीं... रुक्मानं माझ्याकडं पाहिलं, मी बॅटरीकडं.

तेवढ्यात शेजारचा यादोराव कुंपणावरून वाकला, हातात मोबाईल, तोंडभर हसू:

"झामसिंगभाऊ, डीपी जळली गावाची, आता आठ रोज लाईट नाही म्हणते. तुमचं बरं आहे बावा, तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे! हा माझा मोबाईल लावून देता का जरासा?"