कागद बदला

बुलढाण्याला नकाशे छापतात त्या दुकानात मी रांगेत उभा होतो. पुढे गोकर्णाबाई आणि त्यांच्या घराचा नकाशा काढणारे इंजिनिअर होते.

“मावशी, सही करा अन् मोकळ्या व्हा.”

“थांबा. इथं लिहिलंय, एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. माह्या पट्टीवर सैपाकघर अडीचच भरते. मी तीन सांगितलं होतं.”

“छापताना कागदात मावाले पाह्यजे म्हणून सारंच जरासं लहान झालं. आकडा तर तीनच हाये न!”

“आमचा मिस्त्री आकडा वाचत नाही, पट्टी लावते.”

“त्याले तोंडी सांगा.”

“तुम्ही सांगून घरी जासान. कोंदट खोलीत भाकरी मी थापीन.”

“मावशी, मागं रांग हाये.”

“असू द्या. मावत नाही त कागद बदला. माहं घर काऊन लहान करता?”

“सही नाही करत?”

“नाही करत.”

“बरं. ओ मशीनवाल्या ताई, मोठा कागद लावा. बरोबर मापात काढा.”

मशीन घरघरलं. कागद आला, पट्टी लागली.

“तीन! आता द्या पेन.” सही करून गोकर्णाबाई माझ्याकडे वळल्या. “अन् भाऊ, तुमचा नकाशाबी या साहेबायनंच काढला का?”

“हाव.”

“मंग घ्या, पट्टी धरा.”