पिशवीतलं स्टँड

नातीची हळद गाठायला घरी परतणाऱ्या साखरबाई दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या एस.टी.ची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या दोन गड्यांचं बोलणं कानावर आलं.

"बन्सी, शिरूरची स्टँडं समदी एकदम बदलली म्हनं?"

"व्हय. जुनी लय डुगडुगत व्हती. मागल्या लग्नात एक नवरदेवाच्या अंगावर पडलं."

"आन् नवी?"

"घडी घालून ह्या पिशवीत बसत्यात."

साखरबाईंना राहवेना. "आरं मुडद्या, स्टँड पिशवीत घातल्यावर मी उतरू कुठं? नातीची हळद हाय माझ्या."

"आजी, म्या शिरूरचा बँडवाला. ड्रमची स्टँडं ही. हळदीलाच निघालोय, साखरबाईंच्या घरी. लय खवट म्हातारी. तिच्या धाकानंच बदलली."

साखरबाईंनी पदर सावरला.

"ती म्हातारी तुझ्या शेजारीच बसलीया. उचल पिशवी, गाडी लागली."