भुयारातल्या राक्षसाचं जेवण

हसू नका, पण बायको गेल्यावर मला काळजी लागली ती एका राक्षसाची. उल्हासनगर कॅम्प दोनमधून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ही भुयारात फिरायचा गेम खेळायची. तिचा शेवटचा डाव अर्धाच राहिला होता. समोर राक्षस उभा, कितीही मारलं तरी जखमा भरून परत उठणारा. खेळातल्या तिच्या बाईला मात्र जीव एकच. ती मेली की डाव कायमचा पुसला जाणार, म्हणून मी बटणाला हातच लावत नव्हतो.

खरवईहून मेव्हणी शोभा आली. चष्मा लावून तिने सगळं नीट पाहिलं.

"भावोजी, ताईच्या पिशवीत काय आहे?"

"तलवार नाहीच. नुसतं खाणं भरलंय."

"मग मारायचं कशाला? वाढा त्याला."

मी डोळे मिटून मटणाची तंगडी टाकली. डोळे उघडले तर राक्षस ती चावत हिच्या बाईच्या मागे मागे चालला होता.

"शोभा, हा तर माणसाळला."

"त्याला निदान मटण लागलं," शोभा म्हणाली. "तुम्ही तर ताईच्या नुसत्या पिठल्यावर माणसाळला होतात."