टोल्युईनचे ड्रम सावलीत आहेत

...माणूस असता तर भांडलो तरी असतो हो, पण पाण्यासारखा दिसणारा, थिनरसारखा वास मारणारा पदार्थ, त्याच्याशी भांडायचं कसं? टोल्युईन त्याचं नाव. आमची सरोजिनी, म्हणजे माझी बायको, अंबडला रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होती. तुम्हाला सांगतो, माझा वाढदिवस आमच्या लेकीने, सईने, आठवण करून दिल्याशिवाय तिला कधी आठवला नाही, पण टोल्युईन कितीला उकळतं? एकशे दहा पूर्णांक सहा. झोपेत विचारा. गोठतं? उणे पंच्याण्णवला. मी म्हणायचो, "अगं, मला ताप आहे." ती कपाळाला हात लावायची, "आहे थोडा. पण टोल्युईन चार अंशालासुद्धा पेट घ्यायला तयार असतं, माहितीये?" मत्सर वाटणार नाही तर काय?

"पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं," हे जेवताना किती कौतुकानं... मी तिच्या माहेरी कुणात मिसळत नाही, तर "माणूसघाणे आहात." म्हणजे त्यानं केलं की गुणधर्म, मी केलं की खोड. मत्सर वाटणार नाही तर काय?

बरं, मार्चमध्ये ती गेली. दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिलीय, बोला." मी बोललो, "गोळ्या वेळेवर घेईन." कावळा मान वाकडी करून बसलेला. "सईकडे राहायला जाईन." नाही. "तुझ्या भावाशी बोलेन," हे तर मी जिवावर उदार होऊन बोललो... तरी ढिम्म. ऊन चढलं. मग तिच्या हाताखालची हर्षाली पुढे आली, डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, टोल्युईनचे ड्रम सावलीत आहेत. झाकणं घट्ट आहेत. अर्थिंगची तार मी रोज स्वतः बघते." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर. लोकांनी हात जोडले. सई म्हणाली, "बाबा, सुटली हो आई." आणि मी तिथे, नवरा म्हणून, ओल्या धोतरात... मत्सर वाटणार नाही तर काय?

आता कधीतरी मीही जाणार. भेटेल ती. "कसे आहात?" विचारेल असं वाटतं तुम्हाला? छे. म्हणून संध्याकाळी अंबडला जातो, हर्षाली सुटते तेव्हा गेटवर उभा राहतो, ड्रमची ख्यालीखुशाली विचारतो आणि घरी येतो. वर गेल्यावर तिच्याशी बोलायला माझ्याकडे काहीतरी नको का?