मोकळ्या जागेतला गंधार

मंडळी, ऐकणं म्हणजे नुसतं गप्प बसणं का हो? आमच्या शाळेत, वर्गात आम्ही पोरंही गप्प बसतो. सर विचारतात, "समजलं?" आम्ही माना डोलावतो, आणि कान असतो मधल्या सुट्टीच्या घंटेकडे! हसू नका, मगाशी कीर्तनात अभंगाला तुमच्याही माना डोलत होत्या.

तर ऐका. रंगनाथबुवा खांबेटे बंदिशी बांधायचे. द्वारका त्यांची शिष्या. गळा असा, की तान घेतली की माणसं जेवण विसरायची. देवीच्या उत्सवात बुवांची भूप रागातली नवी बंदिश तिला गायची होती. दुसरं काही सुचत नव्हतं पोरीला.

पण बंदिशीत बुवांनी एक जागा मोकळी ठेवलेली. तिथं गाणाऱ्यानं थांबायचं! तंबोऱ्याची खर्जाची तार सुरेल लागली, की तिच्यातून गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, आपसूक उमटतो — कुणी न गाता, न वाजवता. त्या जागी तो ऐकू यायचा.

तालमीत द्वारकेनं काय केलं? जागा तानेनं भरून टाकली.

बुवा म्हणाले, "तंबोऱ्याचा सूर उतरलाय. कधीपासून?"

तंबोरा तिच्याच मांडीवर, बरं का!

"लक्ष नव्हतं, बुवा."

"कुठं होतं?"

"पुढच्या तानेत."

"तुझं गाणं तूच ऐकत नाहीस, मग लोकांनी का ऐकावं? उत्सवात गायचं नाही."

रडली. रडली की! पण उठली ती डोळे पुसूनच. "गंधार ऐकू आला, तर गाऊ द्याल?"

"आला तर. आणि खोटं सांगू नकोस, मला कळेल."

"कसं?"

"तू लगेच गायला लागशील."

मग रोज पहाटे तंबोरा घेऊन बसायची. तार छेडायची, ऐकायची. आई म्हणे, "अगं, गाणार कधी?" आधी ऐकू आला विहिरीवरचा रहाट. मग स्वतःचा श्वास. मग मनातली बडबड — मी कशी गाईन, लोक काय म्हणतील. ती बडबड एका सकाळी दमली, आणि तारेतून बारीक गंधार आला. शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसा.

तालमीला का आली नाही म्हणून बुवा घरी आले. "द्वारके—" तिनं ओठांवर बोट ठेवलं. गुरूला गप्प केलं हो! बुवा पायरीवरच टेकले. बराच वेळ दोघंही ऐकत राहिली. मग बुवा म्हणाले, "उत्सवात गा."

उत्सवात ती जागा आली. द्वारका थांबली. पेटीवाल्या दत्तोपंतांना वाटलं, पोर अडली. बिचाऱ्यांनी चटकन गंधार पुरवला! तिनं हळूच त्यांच्या भात्यावर हात ठेवला. मुखडा पुन्हा घेतला, पुन्हा थांबली. कुणी खोकलं. पुन्हा घेतला, पुन्हा थांबली. हटली नाही. शेवटी मंडप शांत झाला — आणि गंधार सगळ्यांनी ऐकला. ज्यांना सूर कळत नव्हता, त्यांनीसुद्धा.

मंडळी, आपण सगळे दत्तोपंत आहोत. लेक बोलत असते, वाक्य आपण पुरं करतो. देवाला हाक मारतो, आणि तो बोलेल ती जागा पुढच्या हाकेनं भरतो. आज एकदाच नाव घेऊ. मग टाळ खाली, टाळी नाही, डोलणंही नाही.

घ्या नाव. आणि थांबा.