पुलाजवळचा कुत्रा

बोदवडच्या घराला कुलूप लावून मंदाबाई कायमची लेकाकडे, धुळ्याला निघाली होती. तिच्या रिक्षामागं धावलेला तिचा कुत्रा लाल्या फाट्यावर थांबला, अन् तिथंच बसून राहिला.

आता जळगावच्या बसस्थानकात तिच्या शेजारी कॉलेजच्या दोन पोरी एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"मेली बघ परत! सकाळपासून आठव्यांदा."

"कुत्र्याला सोडून पुलावर कशाला नेलंस तिला?"

"एकटीला पलीकडे जाता येतं का, ते बघत होते."

मंदाबाईला काही उमजेना. "कोन मेली व माय?"

"कुणी नाही, आजी. गेममधली मुलगी आहे. मेली की पुन्हा उठते."

"अन् कुत्रा?"

"तो मरत नाही. तिनं सोडला तिथंच बसतो."

"मेलेलं मानूस उठतं, अन् जितं कुत्रं बसून ऱ्हातं? असा कसा खेळ व? कितला येळ बसतो?"

"ती परत येईपर्यंत."

"अन् नाहीच आली त?"

"तसं कधी करून बघितलं नाही, आजी."

धुळ्याची गाडी लागली. एकीनं मंदाबाईची पिशवी उचलली.

"ऱ्हाऊ दे, माय. बोदवडची कुठी लागते, ते सांग."